बजेट तोकडं असेल तर मिनी-आयटीएक्सचा हट्ट सोडा

पेचकस

छोटा, सुबक गेमिंग पीसी सगळ्यांनाच हवा असतो. मग हातात मोजके पैसे असतानाही लोक आधी मिनी-आयटीएक्स, म्हणजे अगदी लहान आकाराचा मदरबोर्ड शोधायला लागतात, आणि तिथेच गणित बिघडतं. माझं म्हणणं सरळ आहे: त्याहून थोडा मोठा मायक्रो-एटीएक्स बोर्ड घ्या, त्यात बसणारं सर्वांत लहान कॅबिनेट शोधा आणि वाचलेला पैसा ग्राफिक्स कार्डात घाला.

मिनी-आयटीएक्स बोर्ड १७ बाय १७ सेंटिमीटरचा. मायक्रो-एटीएक्स जास्तीत जास्त २४.४ बाय २४.४. त्याच चिपसेटचा बोर्ड छोट्या आकारात घेतला की जास्त पैसे मोजावे लागतात. त्यावर एसएफएक्स, म्हणजे लहान आकाराचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आला, प्रोसेसर थंड ठेवणारा बुटका कूलर आला. तीन ठिकाणी जादा खर्च आणि गेममध्ये एक फ्रेमही वाढत नाही. शिवाय रॅमचे स्लॉट दोनच. आज ८-८ जीबीच्या दोन स्टिक लावल्या, तर उद्या ३२ करताना दोन्ही काढून ठेवाव्या लागतात.

लिटरवाला

असहमत. तुम्ही छोटेपणाला हौस समजताय. ज्याचं अभ्यासाचं, जेवणाचं आणि खेळण्याचं टेबल एकच आहे, त्याला विचारा. मी दर सुट्टीत पीसी पाठीवरच्या बॅगेत घालून नेतो. माझं कॅबिनेट १८ लिटरचं आहे. मायक्रो-एटीएक्सची बहुतेक कॅबिनेट तीसच्या आसपास किंवा पुढेच. फुटपट्टी घेऊन लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, गुणा, हजाराने भागा. फरक लगेच कळेल.

आणि जादा खर्चाचं म्हणाल तर नेहमीच्या आकाराचा एटीएक्स एसएमपीएस बसणारी मिनी-आयटीएक्स कॅबिनेटही मिळतात. मग जादा पैसे फक्त बोर्डाचे. एएम४चा (रायझनच्या जुन्या सॉकेटचा) वापरलेला बोर्ड आणि रायझन ५ ५६०० प्रोसेसर घेतलात तर तोही फरक बराच कमी होतो. ६५ वॉटचा प्रोसेसर आहे, त्याला अवाढव्य कूलर लागत नाही.

काटकसर

दोघेही नवीन कॅबिनेटवरच अडलात. ऑफिसमधून निघालेलं छोटं डेस्कटॉप मशीन घ्या. प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएमपीएस, कॅबिनेट सगळं एकत्र येतं. त्यात लो-प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचं ग्राफिक्स कार्ड टाका, झाला गेमिंग पीसी. आरटीएक्स ३०५०च्या ६ जीबी आवृत्तीला ७० वॉट पुरतात आणि बोर्डावरच्या स्लॉटमधूनच ७५ वॉटपर्यंत वीज मिळते, वेगळी केबल लागत नाही. याहून स्वस्तात आणि याहून लहान काही होत असेल तर दाखवा.

पेचकस

@काटकसर, या वाटेने मी गेलोय, म्हणून कळकळीने लिहितो. मी असंच एक मशीन घेतलं. कार्ड आणलं आरएक्स ६४००, कारण त्याला ५३ वॉटच लागतात. त्या कार्डाला पीसीआयईच्या (कार्ड आणि बोर्ड जोडणाऱ्या मार्गाच्या) चारच लेन आहेत. पीसीआयई ४.०च्या बोर्डावर तेवढ्यावर भागतं. माझं मशीन जुन्या ३.० आवृत्तीचं, म्हणजे वेग निम्मा. कार्डाची ४ जीबी मेमरी भरली की चित्र अडखळायचं. मी आठवडाभर ड्रायव्हर बदलत बसलो, दोष तिथे नव्हताच.

मग वाटलं, मोठं कार्ड लावू. झाकण उघडलं तर एसएमपीएसची बोर्डाला जाणारी केबल कंपनीच्या स्वतःच्या जोडणीची, नेहमीची २४ पिनची नाही. बाजारातला एसएमपीएस त्यात लागेना, कार्डासाठी जादा केबल नव्हतीच. तिथे पैसे अडकले ते अडकलेच.

आणि विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीतले जवळपास सगळे प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत नाहीत. लिनक्स टाकून पुष्कळ गेम चालतात, पण व्हॅलोरंटसारखा गेम तिथे चालत नाही. नेमका तोच खेळायचा असेल तर काय करणार?

काटकसर

मग आठव्या पिढीपासूनचं मशीन घ्या ना. आय५-८५०० सहा कोअरचा आहे आणि विंडोज ११च्या यादीतही आहे. एसएमपीएसचं म्हणणं मात्र खरं. ७५ वॉटच्या आतलं कार्ड ही मर्यादा आधीच मान्य करून घ्यायची. कार्ड दोन स्लॉट जाडीचं असेल तर काही मशीनमध्ये बसत नाही, तेही उघडून बघावं लागतं. माझं मत तरी तेच राहील.

दोन_काड्या

ग्राफिक्स कार्ड आत्ताच कशाला? रायझन ५ ५६००जी घ्या, त्यातल्या ग्राफिक्सवर हलकेफुलके गेम सेटिंग उतरवून चालतात. सहा महिन्यांनी पैसे जमले की कार्ड लावा. फक्त रॅमची एकच स्टिक लावू नका. डीडीआर४-३२०० रॅम एका चॅनेलवर, म्हणजे एकाच स्टिकवर, सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन चॅनेलवर ५१.२. आतलं ग्राफिक्स त्याच रॅमवर जगतं, त्यामुळे एक स्टिक म्हणजे त्याचा गळा आवळणं.

लिटरवाला

ही दुधाची तहान ताकावर भागवणं झालं. पुढे कार्ड घेणारच असाल तर ५६००च बरा: त्यात एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) ३२ एमबी, ५६००जीमध्ये १६. कार्ड लावल्यावर तो फरक गेममध्ये जाणवतो.

@पेचकस, तुमच्या बाजूचं एक मान्य करतो. माझं पहिलं कॅबिनेट रायझर केबलचं होतं, म्हणजे कार्ड थेट बोर्डात न लावता केबलने जोडायचं. केबल पीसीआयई ३.०ची आणि कार्ड ४.०चं. चालू केलं की स्क्रीन काळी. कार्ड थेट बोर्डात लावून बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) स्लॉट जेन ३वर, म्हणजे ३.०वर आणला, मग पुन्हा केबलवर बसवलं, तेव्हा चित्र आलं. नवख्याने पहिल्या खेपेला रायझरच्या वाटेला जाऊ नये. पण म्हणून मिनी-आयटीएक्सच नको, हे मला पटत नाही.

पेचकस

दर सुट्टीत पाठीवर न्यायचा असेल तर तुमचा हिशोब वेगळा, तिथे मी वाद घालणार नाही. पण टेबलाखालून कधीच न हलणाऱ्या पीसीसाठी वाचणाऱ्या त्या बारा लिटरचे पैसे देऊ नयेत, हे मी पुन्हा म्हणेन.

आणि कुठलंही कॅबिनेट घ्या, कार्डाची लांबी पाहून थांबू नका. वीज देणारी केबल कार्डाच्या कडेला लागते आणि तिला वळायला जागा हवी. माझ्या मित्राचं कार्ड लांबीत अगदी बरोबर बसलं, पण बाजूची काच लावली की केबल दबायची. शेवटी तो काच काढूनच खेळायचा.