मदत हवी आहे: रीपरमध्ये भजनाचे दोन टेक जोडताना टाळाची आस तुटते

नमस्कार मंडळी. कळव्यातल्या आमच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग रीपर या ऑडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट करतोय. बुवा, पेटी, पखवाज आणि टाळ असे चार माइक, सगळे एकाच खोलीत, क्लिक (लय धरायला कानात वाजणारी टिकटिक) न लावता. शेवटचा अंतरा दुसऱ्या टेकमध्ये बुवांनी अप्रतिम गायलाय, तोच पहिल्या टेकला जोडायचाय.

चारही ट्रॅकचे आयटम (रेकॉर्डिंगचे तुकडे) ग्रुप करून एकत्रच कापतो, कारण प्रत्येक माइकमध्ये बाकीच्यांचा आवाज शिरलाय. एकच ट्रॅक सरकवला की पखवाजाची थाप दुहेरी ऐकू येते. पण जोडावर टाळाची लांबणारी आस मध्येच तुटते. क्रॉसफेड (जोडावर एक टेक विरत जातो नि दुसरा वर येतो तो भाग) 10 मिलिसेकंद ठेवला तर तुटणं कळतं, 200 केला तर टाळ मागेपुढे वाजल्यासारखे. शिवाय दुसऱ्या टेकची लय चढी आहे. भजनात लय चढणारच, ती मारायची नाही. फक्त जोडापाशी धक्का नको.

समेच्या किंचित आधी, थापेच्या तोंडावर कापावं का? की स्ट्रेच मार्कर (आवाज वेळेत ताणायच्या खुणा) लावून चारही ट्रॅक एकसारखे ताणावेत? ताणल्यावर टाळ पत्र्यासारखे वाजतील अशी भीती वाटते. ठाण्यात कुणी प्रत्यक्ष बसून दाखवणार असेल, तर हार्ड डिस्क घेऊन येतो.