रद्द झालेल्या विवाहातून लिऑन आणि कॅस्टील एक कसे झाले?

प्रश्न – पिंपळपान
मध्ययुगीन स्पेनमधील राजघराण्यांच्या सोयरिकींविषयी वाचताना एका ठिकाणी मी अडलो आहे. लिऑनचा राजा नववा आल्फोन्सो आणि कॅस्टीलची राजकन्या बेरेंगेला यांचा विवाह, दोन्ही राज्यांमधील वैर मिटावे म्हणून, ११९७ मध्ये लावण्यात आला. परंतु वधूवरांचे नाते जवळचे असल्याने पोप तिसरा इनोसंट याने तो अमान्य केला आणि १२०४ मध्ये दोघे विभक्त झाले. विवाहच ग्राह्य नव्हता, तर त्यांचा मुलगा तिसरा फर्नांदो १२३० मध्ये दोन्ही गाद्यांचा धनी कसा झाला?

उत्तर – जुनी बखर
आल्फोन्सोचे वडील आणि बेरेंगेलाचे आजोबा सख्खे भाऊ होते, म्हणजे ती त्याची चुलतपुतणी लागत होती. त्याची पहिली पत्नी, पोर्तुगालची तेरेसा, तर त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी. तो विवाहही याच कारणाने मोडला होता. चर्चची मनाई तेव्हा सात पिढ्यांपर्यंत पोहोचत असे (१२१५ च्या लॅटरन परिषदेने, म्हणजे रोममधील धर्मसभेने, ती चारवर आणली), त्यामुळे राजघराण्यांना बिननात्याचे स्थळ मिळणे जवळजवळ अशक्य होते. हे नाते लग्नाच्या दिवशीही कोणापासून लपलेले नव्हते. पुढे १२१८ मध्ये पोप तिसरा होनोरियस याने फर्नांदोला औरस मानले आणि तुमची अडचण कागदोपत्री तरी सुटली.

उत्तर – ताम्रपट
कागदोपत्री सुटली, हे मान्य. पण गादी कागदाने मिळाली नाही. जून १२१७ मध्ये बेरेंगेलाचा धाकटा भाऊ, कॅस्टीलचा बालराजा पहिला एन्रिके, पालेन्सिया येथे डोक्यावर कौल पडून मरण पावला. बेरेंगेलाने ही बातमी दडवून ठेवली, वेगळेच निमित्त सांगून मुलाला त्याच्या वडिलांकडून बोलावून घेतले, वायादोलिद येथे स्वतःचा वारसाहक्क मान्य करवून घेतला आणि तो तत्काळ मुलाच्या स्वाधीन केला. आल्फोन्सोला खरा प्रकार कळला तेव्हा वेळ निघून गेली होती, आणि मग त्याने सैन्य घेऊन मुलावरच चाल केली.

उत्तर – वाटाड्या
माझ्या मते खरी गोम विवाहाच्या करारात आहे. आल्फोन्सोने ११९९ मध्ये बेरेंगेलाला तीस किल्ले लावून दिले होते. विवाह रद्द झाल्यावर ते परत कोणी घ्यायचे, यावरून तंटा पेटला. अखेर १२०६ च्या काब्रेरोसच्या तहात (जो लॅटिनऐवजी बोलभाषेत लिहिला गेला, हे विशेष) किल्ल्यांवर फर्नांदोचा हक्क मान्य झाला आणि त्याला लिऑनचा वारसही ठरवण्यात आले. थोडक्यात, पती-पत्नीचे नाते पुसले गेले तरी त्या नात्यापोटी झालेला व्यवहार मुलाच्या नावावर शिल्लक राहिला.

पिंपळपान
मग मृत्यूपूर्वी आल्फोन्सोने लिऑन फर्नांदोऐवजी तेरेसाच्या मुलींना, सांचा आणि दुल्से यांना, का दिले? तह तर झालेला होता.

ताम्रपट
बापलेकांचे सूत जुळले नाही, आणि कॅस्टीलच्या राजाच्या हाती लिऑन जाणे त्याला नको होते. सांचाचा विवाह जेरुसलेमचा राजा जाँ द ब्रिएन याच्याशी लावून तिच्या हक्काला बळ देण्याचा बेत १२२४ मध्ये त्याने आखला होता. बेरेंगेलाने त्या पाहुण्याला वाटेतच कॅस्टीलच्या दरबारात थांबवून घेतले आणि आपली मुलगी, तिचेही नाव बेरेंगेलाच, त्याला देऊन टाकली. सांचा अविवाहितच राहिली. सप्टेंबर १२३० मध्ये आल्फोन्सो वारला, तेव्हा रद्द विवाहांच्या या दोन पत्नी, तेरेसा आणि बेरेंगेला, समोरासमोर बसल्या. डिसेंबरमध्ये बेनावेन्ते येथे करार झाला आणि दोघी बहिणींनी वर्षाला तीस हजार माराव्हेदी (तेथील नाणे) घेऊन लिऑनवरील हक्क सोडला.