ठोकळ्यातून घरीच सर्किटची डबी कोरायची आहे: अ‍ॅक्रिलिक की डेलरिन?

कोथरूडकर: गच्चीवरच्या टाकीची पातळी दाखवणारं सर्किट केलंय. तापकीर गल्लीतल्या तयार डब्यांत डिस्प्ले तिरका बसतो, म्हणून घरच्या छोट्या सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या कोरायच्या मशीनवर) कोरायचं म्हणतोय. अ‍ॅक्रिलिकवर ट्रायल घेतली, तर प्लास्टिक वितळून कटरला चिकटतंय. काय करू?

भोसरीचा फिटर: स्पिंडलचा (कटर फिरवणाऱ्या दांड्याचा) स्पीड उतरवा, फीड (कटर पुढे सरकायचा वेग) वाढवा. कटर एकाच जागी घासत राहिला की तापणारच, आणि अ‍ॅक्रिलिक शंभर अंशांच्या जरा वर गेलं की मऊ पडतं. सिंगल फ्लूट (एकाच धारेचा) कटर लावा, हवेचा झोत सोडा. पीठ पडता कामा नये, कुरळी चिप उडाली पाहिजे. मला विचाराल तर डेलरिनच (अ‍ॅसिटल प्लास्टिक) घ्या, लोण्यासारखं कापतं. फक्त घाई नको. आधी रफ कट मारा, भिंतीला अर्धा मिमी माल ठेवा, ठोकळा रात्रभर सुटा ठेवा, मग फिनिशिंग. आतला ताण सुटला की भिंती वाकतात आणि झाकण बोंबलतं.

पेठकर: झाकण चिकटवणार असाल तर डेलरिन विसरा, त्याला गोंद धरत नाही. एम३ (३ मिमी) स्क्रूसाठी २.५ मिमीचं भोक मारून टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवा. आणि मशीन १ ते ४ बंद ठेवा, शेजारी पुणेकर आहेत!

कोथरूडकर: स्क्रूच लावतो. डबी दिवसभर उन्हात राहील, चालेल ना?

भोसरीचा फिटर: मग काळं घ्या. पांढरं उन्हात लवकर खराब होतं.