केरळ, बिहार आणि प्रमाण लोकसंख्या: कोणाच्या मरणाला किती वजन?

कर्दळी

गेल्या आठवड्यात आमच्या नातेवाइकांच्या गटात कुणीतरी एक तक्ता टाकला. २०२० च्या नमुना नोंदणीनुसार (निवडक गावं-वस्त्यांतल्या जन्ममृत्यूंची सरकारी मोजणी) केरळचा मृत्युदर हजारी ७.०, बिहारचा ५.४. खाली एकच वाक्य होतं, "केरळच्या आरोग्याचं कौतुक आता पुरे." त्याच वर्षी अर्भक मृत्युदर (हजार जिवंत जन्मांमागे) केरळात ६ होता आणि बिहारमध्ये २७.

आकडे खरेच आहेत. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेली माणसं केरळात १२.६ टक्के होती, बिहारमध्ये ७.४. म्हातारी माणसं जास्त, तिथे मरणं जास्त. हे सांगितलं की लोकांना पटतं आणि लगेच उत्तर येतं, "मग वयसमायोजित दर काढा, भांडण मिटलं." मी हा धागा काढला तो यासाठी, की भांडण तिथे मिटत नाही.

समायोजन करताना प्रत्येक वयोगटाच्या मृत्युदराला एका ठरावीक लोकसंख्येतल्या त्या वयोगटाच्या वाट्याने गुणतात आणि बेरीज करतात. ही प्रमाण लोकसंख्या कुणीतरी निवडलेली असते. कर्करोग नोंदणीत सर्रास वापरली जाते ती जपानच्या सेगी यांनी १९६० साली मांडलेली. तिच्यात ६५ च्या पुढचे फक्त ७ टक्के. युरोपच्या १९७६ च्या प्रमाण लोकसंख्येत ते ११ टक्के होते, २०१३ च्या सुधारित प्रमाणात १९.५ टक्के. म्हणजे निव्वळ प्रमाण बदललं की आजीच्या मरणाचं वजन जवळजवळ तिप्पट होतं आणि नातवाच्या मरणाचं घटतं. हा गणिताचा भाग नाही, निर्णय आहे. भारतातल्या राज्यांची तुलना करताना भारताचीच वयरचना धरावी आणि कुठलं प्रमाण वापरलं ते आकड्याशेजारी छापावं, असं माझं ठाम मत आहे.

दशांश

कर्दळीताई, पहिला अर्धा भाग पूर्ण मान्य. दुसऱ्यात तुम्ही राईचा पर्वत करताय. प्रमाण लोकसंख्या ही मोजपट्टी आहे. मीटरने मोजा नाहीतर फुटाने, उंच माणूस उंचच राहतो. एखाद्या प्रदेशाचे दर सगळ्याच वयांत कमी असतील, तर जगातली कुठलीही प्रमाण लोकसंख्या घ्या, तो खालीच येणार.

भारताची वयरचना धरा म्हणता, पण कोणत्या सालची? दर जनगणनेला ती बदलणार. मग वीस वर्षांपूर्वीच्या दराशी आजचा दर कसा ताडायचा? प्रमाण जुनं आहे, अगदी काल्पनिक आहे, तरी चालेल. ते स्थिर हवं.

कर्दळी

दशांश, तुमच्या वाक्यातला "सगळ्याच वयांत" हा शब्द महत्त्वाचा. तसं नसतं तेव्हा काय होतं ते दाखवते. दोन काल्पनिक जिल्हे घ्या, दर हजारी.

डोंगर जिल्हा: ३० च्या आत ३, ३० ते ६४ मध्ये ५, ६५ च्या पुढे ४०.
शहर जिल्हा: त्याच क्रमाने १.५, ५ आणि ४८.

वजनं मात्र खरी घेते. सेगींच्या लोकसंख्येत हे तीन गट ५६, ३७ आणि ७ टक्के. त्या हिशेबाने डोंगर ६.३३, शहर ६.०५, म्हणजे शहर बरं. युरोपच्या २०१३ च्या प्रमाणात तेच गट ३३.५, ४७ आणि १९.५ टक्के. आता डोंगर ११.१६ आणि शहर १२.२१. डोंगर बरा!

कुठल्याच माणसाचं मरण हललेलं नाही, क्रम मात्र उलटला. मीटर आणि फुटाने असं कधी होत नाही. आणि डोंगर जिल्ह्यात तरुण मुलं दुप्पट दराने मरताहेत, ही गोष्ट दुसऱ्या तक्त्यातून दिसेनाशीच होते. मला राग त्याचा येतो.

हडसनकाठचा

मी न्यू जर्सीत असतो, इथलं उदाहरण देतो. अमेरिकेत मृत्यूंच्या राष्ट्रीय आकडेवारीसाठी १९४० ची लोकसंख्या प्रमाण धरत, कर्करोगवाले १९७० ची. १९९९ च्या आकड्यांपासून सगळ्यांनी २००० ची धरली. १९९५ सालचा जुन्या प्रमाणाचा दर लाखामागे ५०३.९ होता, नव्याने तोच ९१८.५ झाला. समायोजन न केलेला त्या वर्षीचा दर होता ८८०.०. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, देशात साथ आली की काय.

पण मला जास्त बोचतं ते पुढचं. कृष्णवर्णीयांचा दर गोऱ्यांच्या १.६ पट होता, तो नव्या प्रमाणाने १.४ पट झाला. कारण सरळ आहे. तफावत तरुण आणि मध्यम वयात सर्वांत मोठी, खूप म्हातारपणी ती आक्रसते. १९४० मध्ये ६५ च्या पुढचे ६.८ टक्के होते, २००० च्या प्रमाणात साडेबारा टक्क्यांच्या वर. वजन जिथे सरकलं तिथे तफावत लहान होती. विषमता कमी झाली नाही, तिचा आकडा कमी झाला.

दशांश

हे उदाहरण अर्धं माझ्या बाजूचं आहे. गोंधळ कशामुळे होता? खात्याखात्यांची प्रमाणं वेगळी होती म्हणून. उपाय काय केला? एकच प्रमाण ठरवलं आणि मागच्या वर्षांचे दरही त्यानेच पुन्हा काढले. मी दुसरं काय सांगतोय?

डोंगर-शहराचं उदाहरण मात्र मी परत एकदा कागदावर करून पाहिलं. बरोबर आहे. मीटर-फुटाची उपमा मागे घेतो.

तळकोकण

मधेच बोलते, क्षमा असावी. माझं गाव सिंधुदुर्गात. पोरं मुंबईला, घरात म्हातारा-म्हातारी, निम्म्या घरांना कुलपं. माझ्या आईला मध्यरात्री धाप लागली तेव्हा गाडी मिळवण्यात दीड तास गेला. त्या रात्री आमच्या वाडीला कुठलं समायोजन उपयोगी पडणार होतं? किती खाटा, किती गाड्या लागतील हे खऱ्या माणसांच्या खऱ्या मरणांवरून ठरतं. तुमच्या दोघांच्या प्रमाण लोकसंख्येत ही वाडी तरुण होऊन जाते. ढोबळ दर, म्हणजे समायोजन न केलेला, एवढा टाकाऊ नाही.

कर्दळी

ताई, अगदी खरं. गरज किती हे ढोबळ दरानेच कळतं. समायोजित दराने धोका कुणाला जास्त हे ताडायचं. दोन प्रश्न वेगळे आहेत आणि मी सुरुवातीलाच हे लिहायला हवं होतं.

हा वाद फार जुना आहे. इंग्लंडचे आरोग्यसुधारक एडविन चॅडविक वस्त्यांची तुलना मृत्यूच्या सरासरी वयावरून करत. १८४४ साली लंडनमध्ये विमागणिती नीसन यांनी दाखवून दिलं की ते सरासरी वय तिथल्या लोकांच्या वयरचनेवर हलतं. एका वस्तीचे दर दुसऱ्या वस्तीच्या लोकसंख्येला लावून बघा, असं त्यांनी केलं. म्हणजे पहिल्यांदा "प्रमाण" होती ती शेजारची खरी माणसं. म्हणून मी भारताची वयरचना म्हणते. १९६० च्या कल्पित जगापेक्षा ती आपल्या लोकांशी जास्त प्रामाणिक आहे.

दशांश

नीसन यांचं पटलं. पण दोन शंका राहतातच.

एक, आपल्याकडची वयं. मी बरीच वर्षं मृत्यूनोंदींचे तक्ते केलेत. ६०, ६५, ७० या आकड्यांवर डोंगर उभे राहतात, ६१ आणि ६९ वर दऱ्या. घरचे "असतील सत्तरीचे" म्हणतात आणि तेच वहीत जातं. म्हाताऱ्यांना जास्त वजन देणारं प्रमाण घेतलं की सर्वांत कच्च्या नोंदींना सर्वांत जास्त वजन मिळतं. तरुण प्रमाणाचा हा फायदा कुणी बोलत नाही.

दोन, निवड मोकळी सोडली तर प्रत्येक राज्य आपल्याला शोभेल ते प्रमाण शोधणार. तुमच्याच उदाहरणात शहर जिल्ह्याचा अधिकारी सेगी छापेल आणि डोंगरवाला युरोप. दोघेही तळटीपेत प्रामाणिकपणे नाव लिहितील. वाचणाऱ्याला काय कळणार?

हडसनकाठचा

दुसरी शंका जबरदस्त आहे. कर्दळी, नुसतं "छापा" म्हणून भागणार नाही.

कर्दळी

नाही भागणार, मान्य. मग वयोगटनिहाय दर आधी द्या, एकत्रित आकडा नंतर. दर एकमेकांना छेदत असतील, म्हणजे काही वयांत एकाचा आणि काही वयांत दुसऱ्याचा जास्त असेल, तर एका आकड्यावर क्रम लावूच नये. कच्च्या वयांबद्दल मात्र मी हटणार नाही. नोंद कच्ची आहे म्हणून म्हाताऱ्यांचं वजन कमी करायचं, तर ज्यांची नोंद नीट घेतली नाही त्यांनाच पुन्हा शिक्षा. नोंद सुधारा.

दशांश

नोंद सुधारायला पिढी जाईल, तक्ता या वर्षी लागतो. वयोगटांचा तक्ता पहिल्या पानावर, हे मला मंजूर. पण क्रम लावायचाच झाला, तर प्रमाण एकच, आणि तेही आकडे हातात येण्याआधी ठरलेलं. भारताची वयरचना असली तरी हरकत नाही. साल मात्र एकदा ठरलं की ठरलं.