सोसायटीच्या स्विमिंग पूलसाठी बाळांचं सामान: नेमकं काय घ्यावं?

घोडबंदरकर_आई:
ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. सोसायटीचा पूल उघड्यावर आहे, पाणी गरम करण्याची सोय नाही. बेबी पूल दीड फुटांचा, त्याला लागूनच चार फुटांचा मोठा पूल. मुलगा 10 महिन्यांचा, मुलगी अडीच वर्षांची. ऑनलाइन बघायला गेलं की गळ्यातली रिंग, दंडातले फुगे, सीटवाली ट्यूब, स्विम डायपर, गॉगल, कानातले बोळे, सगळंच आवश्यक वाटायला लागतं. खरंच काय घ्यावं?

खारघर_सेक्टर२०:
ताई, आधी स्विम डायपर, आणि तो दोघांनाही. मुलगी घरी डायपरशिवाय राहत असली तरी पाण्यात सांगेलच असं नाही. रोजचा डायपर अजिबात नको: त्यातली जेल पूलचं पाणी शोषून फुगते, वजनाने तो खाली घसरतो, फाटला तर ती जेल फिल्टरकडे जाते.

स्विम डायपर शी अडवतो, शू अडवत नाही. त्यामुळे घरूनच घालून निघालात तर लिफ्टमध्येच कपडे भिजतील. पाण्यात उतरायच्या अगदी आधी घाला. धुऊन वापरायचा घेतलात तर खरी परीक्षा मांडीच्या इलॅस्टिकची. बाळ पाय हलवताना तिथे फट पडत असेल तर तो सैल आहे. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर लहान माप घ्या, फक्त मांडीवर खोल वळ उठत नाही ना ते बघा. निदान तासाला एकदा तपासा आणि बदलायचा तर पूलच्या काठावर नको, चेंजिंग रूममध्ये.

जुलाब होत असतील तर कोणताही डायपर पुरेसा नाही, मुलांना पाण्यात नेऊच नका. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी योग्य क्लोरीन असलेल्या पाण्यातही 7 दिवसांहून अधिक टिकतो. एका बाळामुळे अख्ख्या सोसायटीतली मुलं आजारी पडू शकतात.

वाशी_पालक:
तरंगण्याच्या वस्तूंबद्दल. गळ्यातली रिंग घेऊच नका. हवा कमी झाली की बाळ त्यातून खाली सरकतं, आणि मानेवर ताण येतो तो वेगळाच. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) 2022 मध्ये या रिंगांविरुद्ध इशारा दिला होता. सीटवाली ट्यूबही नको. बाळ एका बाजूला झुकलं की ती उलटते, पाय सीटमध्ये अडकलेले राहतात आणि डोकं पाण्याखाली.

दंडातले फुगे हे खेळणं आहे, सुरक्षेचं साधन नाही. ओल्या हातावरून निसटतात, शिवाय मुलाला पाण्यात उभं राहायची सवय लावतात. पोहायला शरीर आडवं लागतं. फुगे घालून खेळलेलं मूल ते काढल्यावरही बिनधास्त पाण्याकडे धावतं, मला सर्वात जास्त भीती त्याचीच वाटते.

मोठ्या पूलजवळ मुलीसाठी काही हवंच असेल तर फोमचं लाइफ जॅकेट घ्या. त्यावर आयएसओ 12402 हे मानक आणि वजनाची मर्यादा छापलेली हवी. वजन बघूनच घ्या, वय बघून नाही. "वाढत्या अंगाचं" म्हणून मोठं घेणं इथे धोक्याचं. दोन पायांमधून जाणारा पट्टा असावा. सगळे पट्टे लावून तिला हात वर करायला सांगा आणि खांद्याजवळ धरून जॅकेट वर ओढा. ते हनुवटी-कानांपर्यंत चढलं तर मोठं आहे.

जॅकेट असलं तरी मोठं माणूस पाण्यात, हाताच्या अंतरावर हवंच. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही.

ऐरोली_मॉम:
पाणी गरम नाही म्हणालात, तर 10 महिन्यांच्या बाळाला हे महत्त्वाचं: त्याला साधारण 32 अंशांचं पाणी बरं. बाळाच्या आंघोळीचा तरंगता थर्मामीटर आधी बुडवून बघा. पाणी त्याहून थोडं थंड असेल तर निओप्रीनचा (अंगाची ऊब टिकवणारं रबरी कापड) बेबी सूट घ्या, पुढून पूर्ण उघडणारा, म्हणजे ओल्या अंगावरून ओढावा लागत नाही. पहिल्या वेळी 10 मिनिटं पुरे. ओठ निळसर झाले किंवा अंग कापायला लागलं की लगेच बाहेर. टोपीचा टॉवेल काठावरच ठेवा.

कॉस्च्युमचा रंग मात्र नीट निवडा. फिकट निळा आणि पांढरा पाण्याखाली दिसेनासा होतो. भडक केशरी, पोपटी किंवा गुलाबी घ्या. एप्रिल-मे मध्ये लांब बाह्यांचा, यूपीएफ 50 चा (कापड उन्हातली अतिनील किरणं किती अडवतं त्याचं हे माप).

घोडबंदरकर_आई:
खूप उपयोगी. गॉगल आणि कानातले बोळे?

वाशी_पालक:
बोळे डॉक्टरांनी सांगितले असतील तरच. गॉगल मुलीला हवा असेल तर सिलिकॉनच्या कडेचा घ्या, बाळाला गरज नाही. डोळे चुरचुरत असतील आणि क्लोरीनचा उग्र वास येत असेल, तर बहुधा शू-घाम आणि क्लोरीन मिळून झालेल्या क्लोरामाइनचा तो परिणाम आहे. मॅनेजरकडे त्या दिवसाची नोंद मागा: मोकळं क्लोरीन (जंतू मारायला शिल्लक असलेलं) 1 ते 3 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 1 ते 3 भाग, आणि पीएच (पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी ते) 7.2 ते 7.8. तेव्हाच तळाच्या ड्रेनची जाळीही बघून घ्या. ती सैल किंवा तुटलेली असेल तर दुरुस्त होईपर्यंत मुलांना उतरवू नका, कारण तिथल्या ओढीने केस किंवा हात अडकू शकतो.