विषय: सर्टिफिकेटं शुक्रवारपर्यंत!! (परत)

प्रेषक: सचिव
मंडळी, काउंटीतून परत फोन. चार जोडप्यांनी नवरा-बायको मिळून एकेकच एसआयडी दिलाय. चालत नाही. हा फेमाचा (अमेरिकेच्या आपत्ती-यंत्रणेचा) विद्यार्थी क्रमांक ज्याचा त्याचा, आणि आयएस-१०० (घटनास्थळी कमांड कशी चालते) व आयएस-७०० (देशाची आपत्ती-व्यवस्था) या तिच्या कोर्सांची दोन्ही सर्टिफिकेटं ज्याच्या त्याच्या नावावर. नाहीतर स्वयंसेवकाचा बॅज नाही. मग मागच्या वेळेसारखं दारात भांडत बसू नका.

प्रेषक: काका
आम्ही दोघं शेजारी बसून परीक्षा दिली. ७५ टक्क्यांना पास, आम्हाला ८८. आता हिनं ७०० चे साडेतीन तास परत काढायचे? फुकट कोर्स आहे म्हणून वेळही फुकट का?

प्रेषक: काका (वहिनी लिहितेय, यांच्याच पत्त्यावरून)
उत्तरं यांनी दिली, मी शेजारी बसून होते. माझा वेगळा क्रमांक काढला, १०० देऊन झाली, ९२ मिळाले. कमांड दुसऱ्याकडे कशी सोपवायची हा प्रश्न यांचा चुकला होता. आश्चर्य नाही.

प्रेषक: स्वयंपाक समिती
माझं आयएस-३१७ झालंय, सर्टची (आपत्तीत मदत करणाऱ्या स्थानिक स्वयंसेवक पथकाची) ओळख. तेवढ्यावर सर्टचं हिरवं जॅकेट मिळेल ना?

प्रेषक: माजी अध्यक्ष
नाही हो ताई. ३१७ म्हणजे नुसती तोंडओळख. सर्टचा मूळ कोर्स २० तासांच्या आसपासचा, प्रत्यक्ष जाऊन करायचा. आग विझवायच्या सिलिंडरची पिन ओढा, नळी आगीच्या बुडाशी धरा, दांडा दाबा, आडवं फिरवा, हे स्क्रीनवर सगळ्यांना जमतं. हातात जड सिलिंडर आला की पहिला फवारा ज्वाळांच्या शेंड्यावर जातो. १९८५ च्या मेक्सिको सिटी भूकंपात लोकांनी शेकडो जीव वाचवले, पण प्रशिक्षण नसल्यामुळे मदत करणारेही मेले. म्हणून लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलानं हे सुरू केलं. आणि हो, स्वयंसेवकांची यादी नेहमी माझ्याकडून जायची. या वेळी परस्पर कशी गेली?

प्रेषक: सचिव
कारण तुम्ही माजी आहात.

प्रेषक: युवा गट
सीपीआरचंही तेच. व्हिडिओ पाहून सगळे पास, पण पुतळ्यावर दोन इंच खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती दाबताना दुसऱ्या मिनिटाला खांदे बोलायला लागतात. आमच्यातले दोघं धावणारे, तेही दमले. आयएस-१०० मध्ये एका प्रमुखाच्या हाताखाली साधारण पाच माणसं सांगितलीत. आपल्याकडे अकरा प्रमुख आहेत, हाताखाली कोण ते कळवा.

प्रेषक: स्वयंपाक समिती
स्वयंपाकघराला प्रमुख आहे. बाकीच्यांचं बघा.

प्रेषक: काका
हिचं ७०० पण झालं. माझ्यापेक्षा जास्त मार्क आहेत, विचारू नका. पार्किंगवाल्यांनाही दोन्ही लागतात का?

प्रेषक: सचिव
लागतात. सर्टिफिकेट पीडीएफच पाठवा, स्क्रीनचा फोटो नको.