अनुभव धागा: स्मृतिभ्रंश झाल्यावर आपली माणसं काय म्हणाली?

धागाकर्ती, कोथरूड

२१ सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन असतो (अल्झायमर म्हणजे स्मृतिभ्रंशाचा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार), त्या दिवशी लक्षणांची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. लक्षणं एव्हाना सगळ्यांना पाठ झालीत. मला वेगळंच विचारायचंय. घरात निदान झाल्यावर आसपासची माणसं काय म्हणाली, आणि वागली कशी? गावाकडचं, परदेशातलं, कुठलंही लिहा. ब्राह्मी आणि खोबरेल तेलाचे उपाय मात्र कृपया नकोत, ते आमच्याकडे सगळे करून झालेत.

सुरुवात मीच करते. सासूबाईंनी माझ्यावर पाटल्या चोरल्याचा आळ घेतला. शेजारी, नणंद, भाजीवाली, सगळ्यांना सांगून झालं. वस्तू स्वतःच कुठेतरी ठेवायची, विसरायची आणि चोरीला गेली म्हणायचं, हे या आजारात फार दिसतं. आपल्याकडे त्यासाठी सून आयतीच सापडते. पाटल्या मिळाल्या साबुदाण्याच्या डब्यात, तळाशी, रुमालात गाठ मारून. नणंद म्हणाली, "तूच ठेवल्या असशील." शेवटी डॉक्टरांनी तिला समोर बसवून समजावलं तेव्हा पटलं. सख्ख्या भावानं सांगून पटलं नव्हतं, बरं का.

सदाशिव पेठ

आई निवृत्त शिक्षिका. मनाचे श्लोक, भीमरूपी, अथर्वशीर्ष, सगळं अस्खलित. तीच आई गॅसवर दूध ठेवून शेजारी उभी राहायची आणि ते उतू जाताना नुसती बघत बसायची. मामा म्हणायचा, "अथर्वशीर्ष न अडखळता म्हणते, हिला काय धाड भरलीय? सोंग आहे." लहानपणी घोटलेलं बराच काळ टिकतं, सकाळचं आधी जातं, पण पाठांतरालाच हुशारी मानणाऱ्या आमच्या घरात हे कुणाच्या गळी उतरेना. दुसरी बाजू 'साठी बुद्धी नाठी'वाल्यांची. भारतात साठीपुढच्या साधारण ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असल्याचा अंदाज आहे, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास. मग बाकीच्या ९२ टक्क्यांची बुद्धी का नाही नाठी झाली?

हडपसर

आम्ही मूळचे माण तालुक्यातले. तात्या रात्री उठून बैल सोडायला निघायचे. बैल विकून कैक वर्षं झालेली. गावात म्हणाले, बाहेरचं काहीतरी आहे. चुलत्यांनी देवऋषी आणला. लिंबू, अंगारा, सगळं झालं. माझा संताप व्हायचा. पण तात्या कुठंही भरकटले तरी कुणीतरी हात धरून घरी आणून सोडायचं. पारावर बसवून चहा पाजायचं, "बैल बांधलेत तात्या, बसा निवांत" म्हणायचं.

मग पुण्यात आणलं. सोसायटी शिकलेल्यांची, अंगाऱ्याचं कुणी नावसुद्धा काढलं नाही. फलकावर नोटीस लागली: 'ज्येष्ठांना एकटे सोडू नये. जबाबदारी संबंधित कुटुंबाची राहील.' लिफ्टमध्ये तात्या दिसले की लोक मोबाइलात तोंड घालतात.

धागाकर्ती

"बैल बांधलेत, बसा निवांत." आमच्या समुपदेशक बाईंनी हेच शिकवलं, फी घेऊन! वाद घालायचा नाही, त्यांच्या काळात जाऊन बोलायचं. देवऋषी आणणाऱ्या गावाला ते न शिकवता येतं, आणि आम्हा शिकलेल्यांची नोटीस वाचून घ्या.

हार्लेम, नेदरलँड्स (माहेर सहकारनगर)

माझ्या सासूबाई डच. डॉक्टरांनी निदान थेट त्यांनाच सांगितलं, आम्ही बाजूला बसलेलो. पुढे निर्णय कोणी घ्यायचे ते त्यांनी स्वतः लिहून दिलं. त्याच सुमारास पुण्यात आईचं निदान झालं. काकांनी डॉक्टरांना केबिनबाहेर गाठलं, "तिला सांगू नका, हाय खाईल." रिपोर्ट बाबांच्या कपाटात, कुलपात. आई ज्याला त्याला विचारायची, "मला वेड लागतंय का रे?" आणि प्रत्येक जण म्हणायचा, "छे, काहीतरीच!" तिला कळत होतं तोवर बँकेचं, मृत्युपत्राचं तिच्याशी बोलायला हवं होतं, ते राहिलंच.

इथे वेस्प गावात २००९ पासून होगेवेक नावाची वस्ती आहे. गल्ल्या, दुकान, कॅफे, आणि राहणारे सगळे डिमेन्शियाचे. आईच्या मैत्रिणींना फोटो दाखवले. म्हणाल्या, "म्हणजे वृद्धाश्रमच ना शेवटी?"

औंध

शेजारच्या मल्याळी कुटुंबानं आजोबांचा आजार पहिल्या भेटीतच सांगून टाकला. अल्झायमरवर देशभर काम करणारी एआरडीएसआय ही संस्था १९९२ मध्ये केरळातच सुरू झाली, त्याचा परिणाम असेल किंवा माणसंच मोकळी असतील. आमच्याकडे बहिणीसाठी स्थळं बघणं चालू होतं, त्यामुळे आमच्या आजोबांना फक्त 'जरा कमी ऐकू यायचं'. (म्हातारपणीचा अल्झायमर सहसा असा सरळ वारशानं येत नाही, पण हे स्थळवाल्यांना कोण सांगणार!)

नारायण पेठ, दवाखान्यातून

वय झालं म्हणून सोडू नका, तसं लगेच अल्झायमरही म्हणू नका. बी-१२ आणि थायरॉइड आधी तपासा. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता खूप दिसते. नैराश्यातही विसरायला होतं. आणि आलॉइस अल्झायमरनं १९०६ मध्ये जिची केस मांडली ती बाई पन्नाशीतली होती, म्हातारी नव्हे.

सिंहगड रोड

बाबांना निवासी केंद्रात ठेवलंय. आत्या ठाण्याला असते, "भावाला टाकलंत" म्हणून बोलणं सोडलं होतं. आता दिवाळीला यायला तयार झालीय, पण केंद्रात पाय ठेवणार नाही म्हणते. "त्यांनाच चार दिवस घरी आणा," असं तिचं म्हणणं. जागा बदलली की बाबांचा गोंधळ वाढतो, रात्री झोपत नाहीत. कुणी सणापुरतं घरी आणून बघितलंय का? परत सोडताना काय झालं?